खिरापतीची शपथ

नवी किलोची वजनं बाजारात आली आणि शेर-छटाक बंद झाले, त्या वर्षी ढाणकीच्या आमच्या किराणा दुकानदारानं मला दोन जुनी वजनं देऊन टाकली. एक छटाकाचं, एक अर्ध्या छटाकाचं.

"न्या फिटरीणबाई," तो म्हणाला. "मले आता काई कामाची नाई राह्यली. तुमची पोट्टी तोलून जेवते म्हनतात."

दुकानातल्या दोघीतिघी हसल्या. मीही हसले, कारण रडले असते तर कारण सांगावं लागलं असतं. वजनं पदराच्या गाठीत बांधून घरी आणली, राखेनं घासली आणि देवापाशी ठेवली. अजून ती माझ्याजवळ आहेत. त्या दुकानदाराचे उपकार मी विसरलेले नाही. त्यानं चेष्टा केली असेल, पण वजनं दिली.

माझे यजमान तिथल्या जिनमध्ये फिटर होते. कापसातून सरकी काढायची यंत्रं ते बघायचे. आम्ही रत्नागिरीकडचे. माझी शाळा चौथीत सुटली, ती धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून, आणि लग्न झाल्यावर एकदम समुद्र सोडून या काळ्या मातीत आले. इथं भात सणाला. रोजची ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. मला भाकरी थापता यायची ती तांदळाची. ज्वारीची पहिली भाकरी तव्यावर टाकली तर तिचे तीन तुकडे झाले, आणि शेजारच्या मास्तरीणबाईंनी दारातूनच विचारलं, "काहो बाई, नकाशा काढून राह्यल्या का?" तेव्हापासून आमची ओळख. पीठ गरम पाण्यात मळायचं, हे त्यांनीच मला शिकवलं.

मुलगी आमची एकुलती एक. आठ वर्षांची होती तेव्हा, एका उन्हाळ्यात, ती पाणी प्यायला लागली. म्हणजे किती, तर सकाळी भरलेला माठ दुपारी रिकामा. रात्रीतून चारदा उठायची. आम्हाला वाटलं, इथला उन्हाळाच तसा. मग मोरीपाशी मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. मी मुंग्यांवर राख टाकत राहिले. मुंग्या कशाला येतात हा विचार मला शिवला नाही. फ्रॉक अंगात लोंबायला लागला. पुढं एके सकाळी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायला लागला आणि ती हाकेला ओ देईना. जिनच्या शेटजींनी आपली जीप दिली म्हणून आम्ही नागपूरच्या दवाखान्यात पोचलो. जीप नसती तर काय, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

तिथं बावीस दिवस राहिलो. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी सांगितलं, पोटात एक ग्रंथी असते, तिचा रस अंगातली साखर जिरवतो. हिची ग्रंथी बंद पडली आहे. यजमानांनी फिटरसारखंच विचारलं, "कुठला भाग बदलता येतो का, साहेब?" डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "नाही. रोज सुई. जन्मभर."

मग मला समोर बसवून विचारलं, "शिकला आहात?"

"चौथी."

"पुरे," ते म्हणाले. "चौथी पुरते."

त्यांनी मला सगळं सांगितलं. सुई सकाळी द्यायची. तिचा जोर दुपारनंतर चढतो, संध्याकाळपर्यंत असतो. जेवण मोजून आणि वेळेवर. गोड बंद. मूल जितकं पळेल तितकी साखर आपोआप खाली येते, आणि फार खाली आली तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात, मूल वेड्यासारखं बोलतं. तेव्हा मात्र ताबडतोब साखर द्यायची. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. घरी येईस्तोवर त्यातलं माझ्या मनात एकच ठळक उरलं होतं, की साखर म्हणजे विष. बाकीचं गेलं नव्हतं, पण खाली दबून गेलं होतं.

त्यांनी एक कागदही दिला होता, इंग्रजीत. मास्तरांनी तो वाचून दाखवला. पाव इतके औंस, दूध इतके औंस, उकडलेलं अंडं, भाजी, फळ. ढाणकीत पाव मिळत नव्हता. आणि औंस म्हणजे काय, ते मास्तरीणबाईंनी विचारलं.

"अर्धा छटाक समज," मास्तर म्हणाले.

"अन् पाव नाई तं?"

"तं भाकर. तू कर ना तोलून."

"म्या कायले करू? थे फिटरीणबाई करन."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं मास्तरांच्या ओसरीवर बसून हिशेब करत होतो. पावाच्या इतक्या औंसांना ज्वारीचं पीठ किती, हे मास्तरांनाही नीट ठाऊक नव्हतं. त्यांनी अंदाजानं सांगितलं आणि मी देववाणीसारखं ऐकलं. त्यातून जे ठरलं ते असं. सकाळी सुईनंतर पावशेर दूध आणि अर्धी भाकरी. दुपारी शाळेतून आल्यावर छटाकभर पिठाची एक भाकरी, वाटीभर वरण, पालेभाजी हवी तितकी. चार वाजता अर्धी भाकरी आणि मूठभर शेंगदाणे. रात्री पुन्हा एक भाकरी, भाजी, कपभर दूध. अंडं आठवड्यातून दोनदा, तेसुद्धा घरमालकाच्या नजरेआड उकडायचं, आणि टरफलं कागदात बांधून यजमान जिनच्या वाटेवर फेकायचे. आंबा, केळं, भात, गूळ, साखर, काही नाही.

औषधाची बाटली मी छोट्या मडक्यात ओल्या वाळूत पुरून ठेवायचे. सुई उकळायची. सकाळ-संध्याकाळ निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळी राहिली तर चांगलं. हिरवी, मग पिवळी, मग नारिंगी, आणि विटेसारखी लाल झाली तर साखर फार. मी दिव्यासमोर बसले की नळी ज्योतीवर ठरायचीच नाही, मग मुलगीच म्हणायची, "दे, मी धरते."

दूध लमाणांच्या तांड्यावरची एक बाई आणायची. माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी. हातभर बांगड्या, त्यामुळे ती गल्लीत शिरली की आधी बांगड्याच ऐकू यायच्या. तिच्या चार म्हशी होत्या. आमचं रोज भांडण. मोजून दूध द्यायचं तर ते निव्वळ हवं ना? मी तिला रोज विचारायचे, "पाणी किती घातलंस?"

"म्हैस पाणी पेते, बाई," ती म्हणायची. "थ्याले म्या काय करू?"

आता मुलीबद्दल सांगते. तिच्या पायाला भिंगरी होती. आजारानं ती दोन महिने मऊ पडली, आणि सुई सुरू झाल्यावर पुन्हा तशीच उधळली. लंगडी, लगोरी, चिंचेवर चढणं. गल्लीतल्या सगळ्या घरांत तिचं जाणं-येणं. आणि वऱ्हाडातली माणसं अशी, की घरात आलेलं लेकरू रित्या हातानं पाठवणार नाहीत. एक गुळाचा खडा देणार, एक मुरमुऱ्याचा लाडू, तर एक नुसती साखरेची चिमूट तळव्यावर ठेवणार. प्रेमानंच. पण रोज रात्री नळी विटेच्या रंगाची.

"कुठे काय खाल्लंस?" मी विचारायचे.

"काही नाही."

"खरं सांग."

मग ती रडायची आणि एकेक घर सांगायची.

मी बायकांना समजावून सांगितलं. त्या "बरं बरं" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, एवढ्याशानं काय होतं, म्हणून हातावर ठेवायच्या. शेवटी मला एकच उपाय सुचला. आमच्याकडे गळ्याची शपथ फार मोठी मानतात. ज्याच्या गळ्याची शपथ घेतली आणि मोडली, ते माणूस जातं. मी मुलीचा हात धरून अकरा घरं फिरले. प्रत्येक बाईला मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावलं आणि म्हणवून घेतलं, "हिला गोड देणार नाही, हिच्या गळ्याची शपथ."

कुणालाच ते आवडलं नाही. मास्तरीणबाईंनी तर हात मागं घेतला. "लेकराच्या गळ्याची शपथ कायले घालता, बाई? इपरीत बोलनं हाय हे."

"घ्या," मी म्हटलं. "त्याशिवाय तुमचा हात थांबायचा नाही."

त्यांनी घेतली. डोळ्यांत पाणी होतं. मुलीकडूनही मी माझ्या गळ्याची घेतली. साखर कधी द्यायची तेही सांगावं, असं मला एकदा वाटून गेलं होतं. पण मी म्हटलं, लोकांना एकच गोष्ट सांगावी. कधी दे म्हटलं, की सदाच देतील.

आम्ही मास्तरांच्या अंगणात होतो तेव्हा दूधवाली तिथं माप घालत होती. ती म्हणाली, "अन् मले नाई घालत का शपथ?"

"तुझ्या हातचं कोण खातंय?" मी म्हटलं. "तू दुधात पाणी घालणार नाहीस एवढी घे."

बायका हसल्या. तीही हसली, आणि कासंडी डोक्यावर ठेवून गेली. ते वाक्य मी बोलले, हे मी इथं लिहिते आहे, कारण लपवून ठेवणं बरं नाही.

त्यानंतर नळी सुधारली. हिरवी यायची, कधी चक्क निळी. यजमान म्हणायचे, "यंत्र बसलं ठिकाणावर." मला रात्री थोडी झोप लागायला लागली.

मग भाद्रपदाची पुनव झाली आणि गावात भुलाबाई बसल्या. आमच्याकडे मी हे पाहिलं नव्हतं. भुलाबाई आणि भुलोजी अशी मातीची जोडी मांडतात, आणि कोजागरीपर्यंत रोज तिन्हीसांजेला मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरची बाई झाकलेला डबा आणते. आत खिरापत असते. मुलींनी डबा हलवून, कान लावून ओळखायचं, आत काय आहे. ओळखल्याशिवाय खायला मिळत नाही. शेंगदाण्याचे लाडू, साखर-खोबरं, गुळपापडी, पेढे. रोज पाच-सहा घरं, पाच-सहा डबे.

माझ्या मुलीचा आवाज खणखणीत. गाणी तिलाच सुरू करावी लागायची, आणि डबा ओळखण्यात तिचा कान सगळ्यांत तयार. तिला घरी कशी ठेवणार? ती म्हणाली, "मी फक्त ओळखीन, आई. खाणार नाही. माझी खिरापत बाबांना आणीन." तिच्या फ्रॉकला मी मोठा खिसा लावून दिला. रोज ती खिसा भरून यायची आणि यजमान ते सगळं खायचे. मला ते बघवायचं नाही. आमच्या घरची पाळी आली तेव्हा मी डब्यात काकडीच्या फोडी ठेवल्या होत्या. एकीलाही ओळखता आलं नाही. शेवटी डबा उघडला तर एक पोरगी म्हणाली, "हे भुलाबाईचं हाय का म्हशीचं?" माझी मुलगी पोट धरून हसली, आणि चार फोडी तिनं सगळ्यांच्या आधी खाल्ल्या. त्या दिवशी तिला सगळ्यांबरोबर खाता आलं होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी नळी पिवळी आली.

मी नळी धुऊन ठेवली. पण मनात आलं, खाते आहे. आठ वर्षांचं पोर, समोर डबे उघडतात, खात कशी नसेल? दुसऱ्या दिवशी मी काय केलं, तर चारच्या खाण्यातूनच कमी केलं. अर्ध्या भाकरीची चतकोर केली, शेंगदाणे दिलेच नाहीत. तिकडे ती खाणारच आहे, तर इकडचं आधी काढून ठेवावं, असा माझा बेत. मला तो फार शहाणपणाचा वाटला. त्या दिवशी शाळेला सुटी होती आणि ती दुपारभर बाहेरच होती, हे मी धरलंच नाही.

निघताना ती उंबऱ्यात थांबली. "आई, भूक लागली."

"आल्यावर जेव," मी म्हटलं.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. पहिल्या दोन घरी गाणी झाली, फुगड्या झाल्या. तिसरं घर मास्तरांचं. तिथं ती भलतंच गाणं म्हणायला लागली, ओळी एकमेकींत मिसळून. मुलींना वाटलं, गंमत करते. मग ती उगाच हसायला लागली. मास्तरीणबाई डबा घेऊन आल्या तर तिला डबा धरता येईना. हात थरथरत होते. केस घामानं भिजलेले. ती खाली बसली आणि मग आडवीच झाली.

एक म्हातारी म्हणाली, अंगात आलं, भुलाबाईच आली, कुंकू लावा. कुणी म्हणालं पाणी मारा. मास्तरीणबाईंनी पुढं कितीतरी दिवस मला हे सांगितलं, "माह्या हातात गुळपापडीचा डबा होता, बाई. उघडा. लेकराचा जीव मांगते हे मले दिसत होतं. पन माहा हातच उचलेना. तिच्याच गळ्याची शपथ, मोडली अन् पोरगी गेली तं?" त्या अंगणात सात बायका होत्या. सातही जणींनी शपथ घेतली होती. माझ्या मुलीच्या जिवासाठी त्या सातजणी हात बांधून उभ्या होत्या.

मला बोलवायला एक मुलगी धावत आली. मी चप्पल न घालता पळाले. अंगणात गेले तर संध्याकाळचं दूध घालायला आलेली दूधवाली खाली बसलेली, माझ्या मुलीचं डोकं तिच्या मांडीवर, आणि तिचं बोट मुलीच्या गालात. बोटाला त्या उघड्या डब्यातली गुळपापडी. मी दुसरं काही पाहिलं नाही. तिचं मनगट धरलं आणि ओढलं. बांगड्या माझ्या हातात रुतल्या. तिनं हात काढला नाही.

"सोड, बाई," ती म्हणाली. "मंग भांडजा."

"गोड आहे ते."

"गोडच हाय. म्या कोनती शपथ नाई घेतली."

आणि तेव्हा, मुलीच्या कपाळावरचा घाम बघताना, नागपूरच्या डॉक्टरांचा आवाज मला ऐकू आला. घाम, थरथर, वेडं बोलणं. ताबडतोब साखर. मी मान हलवली होती. मी मनगट सोडलं आणि म्हटलं, "अजून दे."

तिच्या बोटावरचं संपलं होतं. तिनं मास्तरीणबाईंकडे हात केला. मास्तरीणबाई डबा छातीशी धरून तशाच उभ्या.

"द्या," मी म्हटलं.

"आधी सुटली म्हना," त्या म्हणाल्या. "बाई, आधी सुटली म्हना."

शपथ घालणाऱ्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं, तरच ती सुटते. मी म्हटलं, "सुटली. सगळ्यांची सुटली." मग एकदम सगळ्या हलल्या. कुणी साखर आणली, कुणी पाणी, कुणी गुळाचा खडा. दूधवालीनं सगळ्यांना मागं सारलं, आणि गालाच्या आत, थोडं थोडं, गूळ चोळत राहिली. मी नुसती बघत होते. माझे दोन्ही हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं ते मला कळत नव्हतं. मुलीची पापणी हलते का, एवढंच बघत होते. कितीतरी वेळ हलली नाही.

मग हलली. तिनं तोंड मिटलं, चव घेतली, आणि डोळे उघडायच्या आधीच थुंकायला लागली.

"मी नाही खाल्लं, आई," ती म्हणाली. "तुझी शपथ."

"गिळ गो बाय," मी म्हटलं. "गिळ."

ती गिळेना. दूधवाली म्हणाली, "छोरी, खाय. तुह्या आईनं सोडली." तरी ती माझ्याकडेच बघत होती. मला तीनचारदा म्हणावं लागलं, शपथ सुटली, खरंच सुटली, खा. तेव्हा तिनं खाल्लं.

घरी आणून फ्रॉक काढला तेव्हा खिसा जड लागला. आत पहिल्या घरचं साखर-खोबरं पानात बांधलेलं, आणि दुसऱ्या घरचा शेंगदाण्याचा लाडू. पुरता. कोपराही मोडलेला नाही. चक्कर येत होती, हात थरथरत होते, तेव्हा हे तिच्या खिशात होतं. ती खात नव्हती. एकही दिवस खात नव्हती. आदल्या दिवशीची नळी पिवळी का आली, ते मला आजही माहीत नाही. यजमानांनी तो लाडू हातात घेतला आणि पुन्हा ठेवला. त्या रात्री त्यांनी तो खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अकरा घरं फिरले. प्रत्येक घरी "सुटली" म्हटलं आणि साखरेची एकेक पुडी दिली. ही कोनाड्यात ठेवा, ती थरथरली, घामेजली, वेडं बोलली की द्या. एरवी देऊ नका.

"म्हंजे कवा द्याचं अन् कवा नाई?" एकीनं विचारलं.

मी पुन्हा सांगितलं.

"अन् ऊन लागून घाम आला तं?"

दुसरी म्हणाली, "आधी शपथ, आता साखर. बाई, तुमी एक काय थे ठरवा." ती चिडली नव्हती. घाबरली होती. मी त्यांच्या हाती आता माझीच भीती देऊन आले होते. तरी एकीनंही पुडी परत केली नाही. मास्तरीणबाईंनी तर ती देवघरात ठेवली.

दूधवालीच्या दारी जाऊन सोडवावी अशी शपथच नव्हती. ती सकाळी नेहमीसारखी आली. मी चहा केला आणि आमच्या कपात दिला. तिनं एकदा कपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि घेतला.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"माहा बाप बैलायच्या मांगं मिठाच्या गोन्या घेऊन चाले. कोसाचे कोस. उपाशी चालला का असाच थरथरे, अन् येड्यावानी बोले. याडी, म्हंजे माही माय, गूळ देत जाय." कप खाली ठेवून म्हणाली, "तुमची छोरी तं माह्या बापाहून जास्त चालते."

मग तिनं मला सांगितलं. पहाटे सुईच्या आधी मुलगी तिच्या म्हशींमागं नाल्यापर्यंत जाते. शाळेच्या मधल्या सुटीत जिनच्या मागच्या मैदानात पळते. काल दुपारी टेकडीवर सीताफळं बघायला चौघीजणी गेल्या होत्या, आणि येताना शर्यत लावली होती. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी अर्ध्या छटाकाचा फरक धरून बसले होते, आणि माझं पोर दिवसाला चार मैल पळत होतं. ते माझ्या तराजूत कुठं बसत होतं?

तेव्हापासून बेत बदलला. पळण्याच्या दिवशी भाकरी मोठी, शेंगदाणे दोन मुठी, आणि खिशात गुळाचा खडा, खायच्या परवानगीचा. पावसाच्या दिवशी, घरात बसली तर, कमी. लिहायला सोपं आहे. पण ती पळणार किती, हे सकाळी सात वाजता कुणाला ठाऊक? कधी मी दोन मुठी द्यायचे आणि ती दिवसभर चिंचेखाली काचापाणी खेळत बसायची, मग रात्री नळी लाल. कधी ती बसेल म्हणून कमी द्यायचे आणि ती नाल्यावर जायची. ढाणकी सोडेपर्यंत तशी आणखी तीनदा पडली. तिन्ही वेळा कुणी ना कुणी कोनाड्यातली पुडी घेऊन धावलं. मोठी होऊन ती आता परगावी आपली सुई आपण घेते, ती त्या पुड्यांच्या आणि त्या एका बोटाच्या उपकारावर.

दूधवाली मग रोज सकाळी माप भरून थांबायची आणि विचारायची, "आज किती पळन छोरी?" दुधाचा प्रश्न असायचा तो. घालू का वर थोडं, की पुरे.

एक सकाळ मला आठवते. सुई देऊन झाली होती, अर्धी भाकरी खाऊन झाली होती, दूध यायचं होतं. बांगड्या वाजल्या, मी पातेलं घेऊन दारात आले. तिनं माप भरलं आणि विचारलं. मी विचारायला आत वळले तर मुलगी नव्हती. मागच्या दारानं गेली होती, अनवाणी. आम्ही दोघी गल्लीत येऊन बघत राहिलो. टोकाला एकदा तिचा फ्रॉक दिसला आणि वळणाआड गेला. टेकडीकडे की शाळेकडे, ते त्या वळणावरून समजत नाही.

"घाल थोडं, आल्यावर पिईल," मी म्हटलं.

तिनं मोठं माप वाकवलं.

"नको, थांब," मी म्हटलं.

ती थांबली. माप तसंच तिरकं हातात धरून, एक थेंबही न सांडता, ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.